सणाचें भेटकार्ड व त्यावरील नांव

पूर्वीं डिसेंबर उजाडला कीं भांडुपांतील आमच्या घरीं टपालवाल्याची वाट पाहिली जात असे. नाताळास ताऱ्याच्या चित्राचें, दिवाळीस पणतीचें व संक्रांतीस तिळगुळाचें कार्ड येई. संक्रांतीच्या कांहीं कार्डांस तर हलव्याची लहानशी पुडीही लाविलेली असे. आतां शुभेच्छा पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक येतात. मात्र त्या हातांतील फोनवर येतात. ह्या पालटांत आपण काय गमावलें व काय राखावें, ह्याचा विचार ह्या पाठांत करूं.

प्रथम ही चाल कोठून आली तें पाहूं. इंग्लंडांत 1840 सालीं एका पेनीत देशभर पत्र जाऊं लागलें, आणि लोकांचा पत्रव्यवहार वाढला. 1843 च्या नाताळांत लंडन येथील हेन्री कोल ह्या गृहस्थास इतक्या पत्रांस उत्तरें लिहिण्यास सवड होईना. म्हणून त्यानें जॉन हॉर्सली नामक चित्रकाराकडून एक चित्र काढवून त्याच्या सुमारें हजार प्रती छापविल्या. हेंच पहिलें नाताळचें कार्ड समजतात. म्हणजे श्रम वांचविण्याची युक्ति ह्या चालीच्या जन्मापासूनच तिच्यांत आहे. तथापि त्या कार्डावर दोन जागा कोऱ्या ठेविल्या होत्या: वर घेणाऱ्याच्या नांवाची व खालीं देणाऱ्याच्या नांवाची. त्या हातानेंच भराव्या लागत.

आपल्या देशांत 1 जुलै 1879 रोजीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें, आणि गरिबासही पत्र पाठविणें साधलें. 1853 सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी ज्या मार्गानें गेली, त्याच मार्गावर भांडुप आहे. पुढें येथें कारखाने निघाले, आणि कोंकणांतून व देशावरून माणसें पोटासाठीं आलीं. धनी भांडुपांत, तर म्हातारीं आईबापें गांवीं, अशी अनेक घरांची स्थिति होती. तीं घरें ह्या लहानशा कार्डानें जोडून ठेविलीं. ज्यास लिहितां येत नसे, तो शेजाऱ्याकडून लिहवून घेई.

पुढें शुभेच्छांच्या तारा निघाल्या. त्यांत वाक्यें ठरलेलीं असत. क्रमांक सांगितला कीं तें वाक्य पोंचे. आपल्या देशांतील तारसेवा 2013 च्या जुलैंत बंद झाली. इंग्लंडांत 3 डिसेंबर 1992 रोजीं फोनवर जो पहिला लघुसंदेश गेला, तोही नाताळच्या शुभेच्छांचाच होता. म्हणून आयते शब्द ही कांहीं आजचीच खोड नव्हे, आणि सर्व दोष फोनच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

मग दोष कोठें आहे? आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतों. एका नाताळांत आम्हीं आनंदाचें एकच चित्र यादींतील सर्वांस एका क्षणांत धाडिलें. त्या यादींत एक बहीण होती. तिच्या पतीस त्याच महिन्यांत मूठमाती दिली होती, आणि आम्ही स्वतः तेथें उभे होतों. तिच्याकडून केवळ जोडलेल्या हातांचें चित्र आलें. तें पाहून आम्हांस फार लाज वाटली. कार्ड लिहावयास बसलों असतों, तर तिचें नांव लिहितांना हात थांबला असता, आणि दुसरे शब्द सुचले असते.

पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय पुष्कळ जण नुसता नांवांचा म्हणून सोडून देतात. त्यांत तो विसांहून अधिक माणसांस नांवानें सलाम सांगतो. कोणी श्रम केले, कोणी त्याजबरोबर बंदींत होतीं, एकाची आई त्यास आईसारखी झाली, हें तो विसरत नाहीं. सलाम म्हणजे त्या माणसाची आठवण, हाच येथील बोध.

तेव्हां कार्ड असो कीं फोन, नांव घालावें व एक ओळ आपली लिहावी. शंभरांस धाडण्यापेक्षां दहांची आठवण करावी. आणि गांवीं ज्या म्हाताऱ्याजवळ फोन नाहीं, त्यास पोस्टकार्ड पाठवावें; तें अद्यापि मिळतें.

मंडळींत विचारण्याकरितां प्रश्न:
1. पहिल्या कार्डावर कोणत्या दोन जागा कोऱ्या होत्या, व कां?
2. आपल्या मंडळींत ह्या वर्षीं कोणाच्या घरीं दुःख झालें? त्यांस सणाच्या दिवशीं काय लिहावें?
3. आपण कोणाच्या पत्राचें उत्तर देणें राहिलें आहे?