छाती दाबली, पोटाचे काय?

हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबताना पोटातल्या अवयवांना इजा होऊ शकते, हे कळले की अनेकांचे हात कचरतात. ही भीती निराधार नाही. यकृताचा डावा भाग छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालीच असतो. हात खाली सरकला की दाब थेट त्यावर येतो. मोडलेल्या बरगडीमुळे प्लीहा फाटू शकते. तोंडाने जोरात हवा भरली तर जठर फुगते, क्वचित फुटतेही. पण बरगड्या मोडणे नेहमीचे असले, तरी यकृताला गंभीर इजा फार थोड्यांना होते. उलट छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. फाटलेले यकृत शिवता येते, रक्ताविना मेलेला मेंदू कोण शिवणार? ‘मग जरा हलकेच दाबू’ हा तोडगाही फसवा आहे. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली नाही तर पुरेसे रक्त मेंदूपर्यंत पोहोचत नाही. जोर कमी करू नका, जागा सांभाळा: मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग, पण अगदी टोक नव्हे.

माझी तक्रार हृदय पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या टप्प्याबद्दल आहे. अतिदक्षता विभागात सगळ्यांचे डोळे हृदयाकडे असतात. बेशुद्ध रुग्ण ‘पोट दुखतंय’ म्हणू शकत नाही आणि घसरलेल्या रक्तदाबाचे खापर हृदयावर फुटते. त्यातच रक्ताची गुठळी विरघळवणारी किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात. एरवी आपोआप मिटली असती अशी बारीक चीरही वाहत राहते. म्हणून हिमोग्लोबिन उतरू लागले किंवा पोट फुगले, की खाटेजवळच सोनोग्राफी व्हावी आणि रुग्ण स्थिर असेल तर सीटी स्कॅन. प्रत्येकाचे पोट उघडावे लागत नाही. काहींना रक्त देऊन नुसती देखरेख पुरते, काहींची वाहणारी रक्तवाहिनी कॅथेटरने बंद करता येते. रक्तदाब टिकतच नसेल तर मात्र शस्त्रक्रिया. फुटलेले जठरही शिवावेच लागते. खरा पेच औषधांचा: थांबवली तर हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला स्टेंट बुजण्याची धास्ती, चालू ठेवली तर रक्तस्राव. त्याला ठरीव उत्तर नाही. हृदयतज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकत्र बसून त्या रुग्णापुरते ते ठरवायचे असते. नातेवाइकांनी छाती किती वेळ दाबली, तोंडाने श्वास दिला का, रक्त पातळ करणाऱ्या कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे आपणहून सांगावे. घरी आल्यावर पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखू लागले, चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.