जखमेवर औषधाचे ठिबक

‘डॉक्टर, जखम उघडी ठेवली म्हणजे लवकर सुकेल ना?’ हा प्रश्न आम्हाला नेहमीचाच. सुकणे वेगळे आणि भरून येणे वेगळे, हे आधी ध्यानात घ्यावे. १९६२ साली इंग्लंडमधील जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखविले की, पातळ पापुद्र्याखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने येते. खपली धरली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते.

म्हणून भाजलेल्या जखमेवर आता निरनिराळे पडदे वापरतात. कोलॅजेनचा पडदा जनावरांच्या किंवा माशांच्या कातडीतील प्रथिनापासून करतात. अल्जिनेट समुद्रातील तपकिरी शेवाळापासून मिळते. जखमेतील पाणी शोषून त्याचा मऊ गर होतो. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनते. त्याच्या कणांवर धन विद्युतभार असतो, जंतूंच्या आवरणावर ऋण. त्यामुळे ते जंतूंना चिकटून त्यांचे आवरण फोडते. (कोळंबीची अॅलर्जी असल्यास किंवा गाय-डुकराचे कोलॅजेन चालत नसल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. त्यात संकोच कसला?)

या पडद्यात औषधही भरता येते. पिकाला पाटाने पाणी दिले तर बरेचसे वाया जाते. ठिबकाने ते मुळाशीच पडते. तसेच हे. पोटात घेतलेली गोळी रक्तावाटे सर्वांगात फिरते, आणि मधुमेह्याच्या पायासारख्या रक्तपुरवठा कमी असलेल्या जागी तिचा थोडाच अंश पोचतो. पडदा मात्र जखमेतील ओलाव्याने फुगतो, हळूहळू विरघळतो आणि चांदीचे कण किंवा जंतुनाशक थोडे थोडे सोडत राहतो. त्याचे धागे एकमेकांत जितके घट्ट गुंफावेत तितका वेग कमी. चांदीचे नेहमीचे मलम रोज पुसून पुन्हा लावावे लागते, आणि दर वेळी रुग्ण कळवळतो. चांदीयुक्त पडदा काही दिवस तसाच ठेवता येतो. लहान मुलांच्या बाबतीत मला हाच लाभ सर्वांत मोठा वाटतो.

पण पडदा म्हणजे जादू नव्हे. पू झालेल्या, काळे मांस साचलेल्या जखमेवर साधे कोलॅजेन चिकटविणे म्हणजे चोराला घरात कोंडून बाहेरून कडी लावणे! ती जखम आधी स्वच्छ करावी लागते. मधुमेह्याची साखरही आटोक्यात हवी. आणि संसर्ग खोलवर गेला असेल तर पोटातून किंवा शिरेतून औषध द्यावेच लागते. पडद्यावर भिस्त ठेवून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

भाजल्याबरोबर काय करावे? वाहत्या गार पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. ते खरवडून काढण्यातच आमचा वेळ जातो आणि रुग्णाचे हाल होतात. स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा.

पडदा लावून घरी गेल्यावर तो भिजवू नये. खाली त्वचा आली की कडा आपोआप सुटतात. तेवढ्याच कात्रीने कापाव्यात, ओढू नये. ताप, दुर्गंधी, वाढता ठणका, भोवती लाली किंवा पडद्याखाली पिवळे पाणी साठलेले दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.