चित्रपुस्तकांतले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष

राज्यशास्त्राच्या पुस्तकात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आपल्याला भेटतो तो सुतकी चेहऱ्याने. मुदत चार वर्षे, हाती नकाराधिकार, डोक्यावर महाभियोगाची टांगती तलवार. एवढे पाठ केले की पाच गुणांची सोय होते. पण याच गृहस्थाची दुसरी एक हकिकत अमेरिकेतल्या मुलांच्या चित्रपुस्तकांत विखुरलेली आहे. तिथे तो विजारीवरून चड्डी घालणाऱ्या वीरांच्या सहवासात वावरतो. ही हकिकत अभ्यासक्रमात नाही, म्हणूनच ती इथे सांगावीशी वाटते.

आरंभ रूझवेल्टसाहेबांपासून करू. ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक मार्च १९४१ चा. अमेरिका अजून महायुद्धात उतरलेली नव्हती, पण मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणून मोकळा झाला होता. आत सेनाधिकारी घरभेद्यांची तक्रार घेऊन राष्ट्राध्यक्षांकडे येतात, तेव्हा ते थट्टेने विचारतात की चित्रपुस्तकातला एखादा वीर सैन्यात भरती करू काय? पुढच्याच पानांत तसा वीर सरकारी प्रयोगशाळेत तयार होतो! इथे राष्ट्राध्यक्ष म्हणजे घरातले वडीलधारे: थट्टा करतील, पण वेळेला उपाय काढतील.

केनेडींच्या वाट्याला याहून मोठा मान आला. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या ३०९ व्या अंकात (फेब्रुवारी १९६४) सुपरमॅन पेचात सापडतो. दूरदर्शनवर त्याचा सत्कार आहे. तिथे सुपरमॅन तर हवाच, आणि एरवी तो ज्या रूपाने वावरतो तो बातमीदार क्लार्क केंटही शेजारी दिसायला हवा. नाहीतर गुपित फुटणार. शेवटी क्लार्कचा मुखवटा चढवून साक्षात राष्ट्राध्यक्ष उभे राहतात. देशाच्या प्रमुखावर भरवसा टाकायचा नाही तर कोणावर, असा सुपरमॅनचा हिशेब. ‘चांदोबा’ वाचून वाढलेल्या आपल्या वाचकाला याचे नवल वाटणार नाही. आपले राजे रात्री घोंगडी पांघरून प्रजेची खबर काढायला निघतातच. केनेडी कॅमेऱ्यापुढे, कोट-टाय घालून निघाले, एवढाच फरक.

मात्र इथे हसू थबकते. केनेडींची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ रोजी झाली होती, आणि आधीच तयार झालेला हा अंक डिसेंबरअखेर दुकानांत आला. मुलांनी व्यायाम करावा म्हणून केनेडी सुपरमॅनला कामाला लावतात, अशी दुसरी एक कथा थांबवण्यात आली होती. ती जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, जुलै १९६४ च्या ‘सुपरमॅन’ अंकात छापली गेली. तिची मूळ चित्रे केनेडींच्या स्मारक-ग्रंथालयाला देण्यात येतील, असे तेव्हा जाहीर झाले. ती तिथे पोचलीच नाहीत, हे चित्रकार अल प्लास्टिनो यांना कळले २०१३ साली! त्यानंतर ती ग्रंथालयाच्या हवाली झाली. सातबाऱ्यावरच्या नोंदीला उशीर होतो म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दहा वर्षांत वारे फिरले. वॉटरगेट प्रकरण गाजत असताना ‘कॅप्टन अमेरिका’चा १७५ वा अंक (जुलै १९७४) आला. एका गुप्त कटाच्या म्होरक्याचा पाठलाग करीत नायक थेट व्हाइट हाऊसमध्ये शिरतो. बुरखा दूर होतो, नायक हादरतो, आणि म्होरक्या स्वतःवर गोळी झाडून घेतो. वाचकाला ना त्याचा चेहरा दिसतो, ना नाव कळते. तो निक्सनच, असे लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांनी पुढे सांगितले. निक्सन यांचा राजीनामा ९ ऑगस्ट १९७४ चा; अंक त्याआधीच मुलांच्या हातात होता. नायकाने तर काही अंकांपुरता देशाच्या नावाचा वेषच उतरवून ठेवला.

पुढची पायरी रेगन यांची. ते पदावर असतानाच, ऑगस्ट १९८८ च्या ३४४ व्या अंकात, व्हायपर नावाची खलनायिका वॉशिंग्टनच्या पाण्यात असे द्रव्य मिसळते की माणसांचे सापासारखे प्राणी होतात. रेगनही सुटत नाहीत. ते नायकाशी झोंबी घेतात, आणि त्या झटापटीत घाम गळून विष उतरते. शहापूरच्या वाचकाला हे वाचताना आपली धरणे आठवावीत. मुंबईची तहान भागवणारे तानसा (१८९२) आणि भातसा आपल्याच तालुक्यात. आणि आपले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. व्हायपरबाईंनी आपला तालुका निवडला असता तर महानगरात सापच साप झाले असते आणि आपण सुखरूप राहिलो असतो. ते पाणी आपल्यापर्यंत येतेच कुठे?

मग आपल्या चित्रकथांचे काय? १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठी मुलांना वेताळ भेटला, आणि त्याच्याबरोबर डॉक्टर लुआगा हा राष्ट्राध्यक्षही. निवडणूक त्याने जिंकली, पण सत्ताधारी जनरल बबाबू खुर्ची सोडीना. वेताळालाच धावावे लागले. लुआगा इतका सज्जन की त्याला हसायला जागाच नाही. ‘चांदोबा’तला राजा कधी फसतो, पण शेवटी न्यायी ठरतो.

राजाला हसायचे ते आपण तमाशात. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगाने राजा आणि कोतवाल दोघांची भंबेरी उडवली. मुरबाड तालुक्यात म्हशाच्या यात्रेला जमणाऱ्या माणसांना यातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही. पण वगातला राजा कल्पित असतो. खऱ्याचा चेहरा आपणही झाकतोच, जसा एंगलहार्ट यांनी झाकला.

या चित्रपुस्तकांनी राष्ट्राध्यक्षाला आधी वडील केले, मग विश्वासाचा सोबती, मग गुन्हेगार, मग साप. आणि तरीही दर चार वर्षांनी माणसे मतदानाला गेलीच. भरवसा आणि थट्टा एका घरात नांदू शकतात, एवढे तरी यातून दिसते. ज्याला आपण निवडून देतो त्याच्यावर विश्वास टाकणे हे आपले काम. तो साप झाला तर घाम गाळून विष उतरवणे हेही आपलेच. सुपरमॅन किंवा वेताळ शहापूर-मुरबाडला येणार नाहीत. एस.टी.चा तेवढा प्रवास त्यांना झेपणार नाही.