झाईची आळी : यातेंगाच्या शेतकऱ्यांनी उठविलेली पडीक जमीन

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाच्या उत्तरेस यातेंगा नावाचा प्रांत आहे. तेथील मोसी लोकांची मुख्य पिके म्हणजे ज्वारी व बाजरी. ही दोन्ही धान्ये मूळची आफ्रिका खंडातलीच होत; बाजरीच्या लागवडीचा सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीचा पुरावा शेजारच्या माली देशात मिळालेला आहे. तेथून ती भारतात आली. आपल्या ताटातील भाकरीचे हे आजोळ फारसे कोणास ठाऊक नसते.

यातेंगात पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच पडतो. १९६८ नंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत तोही हुकू लागला. जमीन उघडी पडली, तिच्यावर टणक खपली धरली आणि पडलेले पाणी वरच्यावर वाहून जाऊ लागले. अशा मेलेल्या जमिनीस तेथे ‘झिपेले’ म्हणतात. कित्येक कुटुंबे गाव सोडून दक्षिणेकडे गेली.

धूप थांबविण्याचा प्रयत्न त्यापूर्वीच झाला होता. १९६२ ते १९६५ या काळात यंत्रांच्या साहाय्याने सुमारे १,२०,००० हेक्टरांवर मातीचे बांध घालण्यात आले. मात्र शेतकऱ्यांस कोणी विचारले नाही. बांध आपले नव्हेत, म्हणून त्यांची डागडुजीही कोणी केली नाही, आणि ते लवकरच निकामी झाले. ग्रामसेवकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

पुढे १९८० च्या सुमारास उपाय निघाला तो शेतकऱ्यांच्याच हातून. ‘झाई’ म्हणजे खडकाळ तुकड्यात बी पेरण्यासाठी खणावयाचे लहान आळे. ही रीत तेथे जुनीच होती. काही शेतकऱ्यांनी ती आळी अधिक रुंद व खोल केली आणि त्यांत खत घातले. आळ्याचा व्यास २० ते ४० सें.मी., खोली १० ते २० सें.मी. व दोन आळ्यांतील अंतर ६० ते ८० सें.मी. असते. काम कोरड्या हंगामात कुदळीने करावयाचे. खणलेली माती उताराच्या बाजूस चंद्रकोरीसारखी रचावयाची, म्हणजे वाहते पाणी आळ्यात अडते. नंतर प्रत्येक आळ्यात शेणखत किंवा कंपोस्ट टाकावयाचे आणि पावसाच्या प्रारंभी ज्वारी-बाजरीचे दाणे टोकावयाचे.

येथे वाळवी शेतकऱ्याची मजूर बनते! खताच्या ओढीने ती आळ्यात येते व जमिनीत बारीक बिळे पाडते. त्या वाटांनी पाणी खोलवर मुरते. जेथे काहीच पिकत नव्हते तेथे कमी पावसाच्या वर्षीही हेक्टरी ३०० ते ४०० किलो धान्य मिळू लागले, आणि चांगल्या वर्षी १,५०० किलोपर्यंत.

या कामात याकुबा सावादोगो यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. वाहिगुया शहराजवळच्या गुर्गा गावचे हे शेतकरी पूर्वी बाजारात दुकान चालवीत. ऐन उन्हाळ्यात खड्डे खणणाऱ्या या माणसास लोकांनी वेडा ठरविले. खतातून आलेल्या बियांपासून आळ्यांत झाडेही उगवली. ती त्यांनी राखली व वाढविली, आणि ओसाड माळावर साठांहून अधिक जातींचे वन उभे राहिले. १९८४ पासून ते आपल्या शेतावर वर्षातून दोनदा मेळावा भरवीत. दूरदूरच्या गावांचे शेतकरी तेथे येऊन बियाणे व अनुभव यांची देवाणघेवाण करीत. पुढे वाहिगुया शहर वाढत त्या वनापर्यंत पोहोचले आणि ज्याने जमीन जिवंत केली त्याच्याच जमिनीत घरांचे प्लॉट पाडण्यात आले. २०१८ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये ते वारले.

झाईचे काम कष्टाचे आहे, हे लपवून उपयोग नाही. एका हेक्टरास ३०० तासांहून अधिक खणणी लागते आणि गाडीभर खताने भागत नाही. ज्याच्या दावणीला जनावर नाही त्याला खत आणावे कोठून, ही अडचण तेथेही आहे. शिवाय ही रीत खपली धरलेल्या, निचऱ्याच्या व कमी पावसाच्या जमिनीसाठीच होय. काळ्या भारी जमिनीत अशा आळ्यांत पाणी साचून मुळे कुजण्याचा संभव असतो.

१९८९ मध्ये शेजारच्या नायजर देशातील इलेला भागातून १३ शेतकरी यातेंगा पाहून गेले. परतल्यावर काहींनी आपल्या शेतांत आळी खणली. पुढचेच वर्ष, १९९०, दुष्काळाचे निघाले. आळी खणलेल्या शेतांत मात्र पीक उभे राहिले. त्यानंतर त्या भागात पूर्वी कोणी ढुंकून न पाहिलेल्या पडीक जमिनीची खरेदी-विक्री सुरू झाली.