जुनी दाल मिल कधी बदलावी?

अकोला व अमरावती जिल्ह्यांत तूर भरपूर पिकत असल्याने गावातच डाळ तयार करण्यासाठी अनेक शेतकरी व बचत गट लहान दाल मिल चालवितात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल त्यांपैकीच एक. यंत्र जुने झाल्यावर ते आणखी एक हंगाम चालवावे की विकावे, हे बहुधा अंदाजाने ठरते. वास्तविक ते वहीतील आकड्यांवरून ठरविता येते.

यंत्राची विक्रीची किंमत सुरुवातीला झपाट्याने व पुढे हळूहळू घटते. दुरुस्ती मात्र दरवर्षी वाढत जाते. किमतीतील एकूण घट व आजवरचा एकूण खर्च यांची बेरीज करून तिला वापराच्या वर्षांनी भागावे. ही सरासरी ज्या वर्षी सर्वांत कमी येते, त्या वर्षाअखेर यंत्र बदलावे.

समजा, यंत्र १,२०,००० रुपयांना घेतले. पाच वर्षांत त्याची वर्षाअखेरची किंमत अनुक्रमे ९०, ७०, ५५, ४५ व ३८ हजार रुपये राहिली आणि खर्च ५, ८, १३, २० व २९ हजार आला. चौथ्या वर्षाअखेर घट ७५ हजार, खर्च ४६ हजार. म्हणजे वर्षाला सरासरी ३०,२५० रुपये. तिसऱ्या वर्षाअखेर ती ३०,३३३ व पाचव्या वर्षाअखेर ३१,४०० येते. येथे चौथे वर्ष योग्य ठरते. मात्र फरक लहान आहे. तेवढ्यासाठी जादा व्याजाचे कर्ज काढण्याची घाई करू नये.

खर्च म्हणजे केवळ मिस्त्रीचे बिल नव्हे. रोलरवरील एमरी झिजली की चुरी वाढते. हंगामात ३०० क्विंटल तूर भरडली, क्विंटलमागे १ किलो डाळ चुरीत गेली आणि दोहोंच्या भावात किलोला ६० रुपये फरक धरला, तर १८,००० रुपये जातात. हे नुकसान कोणत्याही पावतीवर दिसत नाही, म्हणून वहीत मुद्दाम लिहावे. नवा लेप देऊन चुरी कमी होत असेल, तर अर्थातच केवळ लेपाचा खर्च धरावा. ऐन हंगामात मिल बंद पडून गेलेली भरडाईही खर्चातच धरावी.

“आताच पंधरा हजार लावले, आता कशी विकावी?” असे पुष्कळ जण म्हणतात. लावलेले पैसे यंत्र ठेवले काय किंवा विकले काय, परत येत नाहीत. पाहावयाचे ते पुढचे वर्ष. १९५५ साली अमेरिकन गणिती रिचर्ड बेलमन यांनीही हा प्रश्न दरवर्षी नव्याने ‘ठेवावे की बदलावे’ असाच मांडला होता. येत्या वर्षाचा खर्च अधिक त्या वर्षातील किमतीची घट ही नव्या यंत्राच्या वार्षिक सरासरीपेक्षा जास्त होत असेल, तर जुने विकावे. वरील उदाहरणात पाचव्या वर्षी ती २९ अधिक ७, म्हणजे ३६ हजार होते.

हा हिशेब पावसाळ्यात, मिलला काम कमी असताना करावा, म्हणजे नवीन यंत्र बसवून चाचणी घेण्यास नवी तूर येईपर्यंत वेळ मिळतो.