ख्रिस्तसभा वाढते ती कोणाच्या हातून?
पवित्र शास्त्र वाचन : प्रेषितांची कृत्ये 6:1-7

नवीन बिशप येणार असे कळले की आपण सारे कामाला लागतो. कमान उभी राहते, बँड ठरतो, शाल-श्रीफळ आणले जाते, मुली आरतीचे ताट घेऊन उभ्या राहतात. मिस्सा होते, सत्कार होतो, भाषणात 'आपली ख्रिस्तसभा वाढो' असे म्हटले जाते आणि आपण टाळ्या वाजवतो. यात गैर काही नाही. परंतु दुसऱ्या रविवारी विचारले की ही वाढ कोण करणार, तर बोट बहुधा बिशपांकडे, नाहीतर फादरांकडे जाते.

आजच्या अभ्यासासाठी घेतलेल्या वाचनात यरुशलेमची मंडळी वाढत होती, आणि वाढत होती म्हणूनच तिथे कुरकूर सुरू झाली. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावलले जाते. प्रेषितांनी हा प्रश्न आपल्या हाती ठेवला नाही. 'तुमच्यातूनच सात जण निवडा,' असे त्यांनी मंडळीला सांगितले. त्या सात जणांची नावे आपण एकदा सावकाश वाचावीत. स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव, ही सगळी ग्रीक नावे आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांकडे काम सोपवलेले दिसते. आणि लगेच पुढच्या ओळीत लूक सांगतो की शिष्यांची संख्या फार वाढली.

हे वाचन समजून घेण्यासाठी आम्ही यंदा उदाहरण आपल्या घरातले न घेता शेजारच्या घरातले घेतले आहे. ते आहे बिशप वेदनायकम सॅम्युएल अझराया यांचे. ते अँग्लिकन होते. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील. मुंबईतील फोर्टचे सेंट थॉमस कॅथीड्रल किंवा कुलाब्याचे अफगाण चर्च आपण पाहिले असेल; ती त्याच परंपरेत उभी राहिली. दक्षिणेतील अँग्लिकन 1947 मध्ये आणि उत्तरेतील 1970 मध्ये इतर मंडळ्यांबरोबर एक झाले. आपल्याकडचे सीएनआयचे बंधुभगिनी ते हेच. एके काळी आपल्या पत्रकात अँग्लिकन बिशपांवर लेख छापून आला नसता. त्यांच्या याजकीय दीक्षेविषयी पोप तेरावे लिओ यांनी 1896 मध्ये दिलेला निर्णय आजही बदललेला नाही. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये आपल्याला शिकवले की विभक्त बांधवांमध्ये पवित्र आत्म्याने जे केले, त्यातून आपल्यालाही शिकता येते. तेव्हा संकोच न करता शिकू या.

अझराया यांचा जन्म 17 ऑगस्ट 1874 रोजी तामिळनाडूतील तिरुनेलवेली भागात वेल्लालनविलै या खेड्यात झाला. वडील त्याच खेड्यात अँग्लिकन याजक होते. घराणे नाडर समाजातले. ताडाच्या झाडावर चढून उपजीविका करणारा हा समाज त्या काळी खालचा मानला जाई. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकून तरुण अझराया वायएमसीएच्या कामात शिरले. 1902 मध्ये ते श्रीलंकेत जाफन्याला गेले. तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या पैशाने स्वतःची माणसे सुवार्तेसाठी पाठवत होते. ते पाहून अझरायांना आपल्या तिरुनेलवेलीची लाज वाटली. पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी तिरुनेलवेलीची भारतीय मिशनरी संस्था काढली. तिचा नियम सोपा होता. माणसे भारतीय आणि पैसाही भारतीय.

या संस्थेने क्षेत्र निवडले ते निजामाच्या राज्यातील दोर्नाकल. आज ते तेलंगणात आहे. आपला मराठवाडा 1948 पर्यंत ज्या राज्यात होता, तेच हे राज्य. तिथली भाषा तेलुगू, म्हणजे तमिळ माणसाला परकीच. दुसऱ्यांना पाठवून स्वतः मद्रासला बसणे अझरायांना पटेना. 1909 मध्ये त्यांनी याजकीय दीक्षा घेतली आणि पत्नी अंबु यांच्यासह ते दोर्नाकलला राहायला गेले. वयाच्या पस्तिशीत ते तेलुगू बाराखडी गिरवू लागले.

त्याच सुमारास, 1910 मध्ये, स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. तिथे अझराया बोलले आणि सभागृह अस्वस्थ झाले. परदेशी मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल त्यांनी मनापासून कृतज्ञता व्यक्त केली. पण त्याबरोबर हेही सांगितले की तुम्ही आम्हाला सर्व काही दिले, आता मित्र द्या. भारतीय सहकारी वर्षानुवर्षे एकत्र काम करतो आणि साहेबाच्या घरी जेवायला कधी बसत नाही, ही गोष्ट त्यांनी त्यांच्यासमोरच मांडली. काहींना राग आला. परंतु त्या परिषदेतील शेकडो भाषणांपैकी लोकांच्या लक्षात राहिले ते हेच.

दोन वर्षांनी, 29 डिसेंबर 1912 रोजी, कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. वय अडतीस आणि याजक होऊन जेमतेम तीन वर्षे. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी त्यांच्यासाठी खूप खटपट केली होती. विरोधही कमी झाला नाही. गोऱ्या मिशनऱ्यांनी भारतीय बिशपांच्या हाताखाली काम कसे करावे, असा प्रश्न विचारला गेला. खेदाची गोष्ट अशी की काही भारतीय ख्रिस्ती लोकांनाही खालच्या मानलेल्या जातीतला बिशप नको होता. त्यांना दिलेला धर्मप्रांत लहान, गरीब आणि आडवळणाचा होता. जोखीम नको, असाच हिशेब त्यामागे असावा असे आम्हाला वाटते.

आता वाढीकडे वळू. दोर्नाकलच्या आसपास माला आणि मादिगा हे दोन समाज मंडळीत येत होते. दोघेही अस्पृश्य मानलेले, शेतमजुरी करणारे आणि मेलेली जनावरे ओढणारे. एकेकटा माणूस येत नसे. घरेच्या घरे, कधी अख्खी वस्ती येई. अशा लोकांना शिकवायचे कसे? परदेशी याजक मूठभर होते आणि अंतरे मोठी. अझरायांनी उपाय केला तो गावशिक्षकांचा. खेड्यातलाच तरुण निवडायचा, त्याला आणि त्याच्या पत्नीलाही दोर्नाकलला शिकवायचे आणि दोघांना मिळून एका वस्तीत ठेवायचे. दिवसा पोरांना अक्षरे, रात्री शेतातून आलेल्या मोठ्या माणसांना शुभवर्तमान. पत्नीला शिकवण्याचा आग्रह विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. घरातल्या बाईपर्यंत जे पोचत नाही ते पुढच्या पिढीपर्यंत पोचत नाही, हे आपण आपल्या आजीकडून जपमाळ शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको. अंबु अझराया स्वतः कॉलेजात शिकलेल्या, दक्षिणेतील अशा पहिल्या काही ख्रिस्ती स्त्रियांपैकी एक. त्याही खेड्यांतून फिरत.

बिशप वर्षातला बराच काळ फिरतीवर असत, बहुधा बैलगाडीने. स्नानसंस्कार झालेल्या प्रत्येकाला ते आपला हात स्वतःच्याच डोक्यावर ठेवायला लावत आणि संत पौलाचे करिंथकरांस लिहिलेले ते शब्द म्हणवून घेत, की मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा (1 करिंथ 9:16). विचार करा, ज्याला काल गावच्या विहिरीवर उभे राहू देत नव्हते, त्याला आज सांगितले जाते की सुवार्तेची जबाबदारी तुझ्या डोक्यावर आहे. वर्षातून एक आठवडा ते साक्षीचा आठवडा म्हणून पाळत. त्या आठवड्यात साधी कष्टकरी माणसे आसपासच्या वस्त्यांत जाऊन आपल्या शब्दांत येशूविषयी सांगत. त्यासाठी पगारी माणूस नव्हता.

दानाच्या बाबतीतही त्यांनी सवलत दिली नाही. गरिबाला देण्याजोगे काही नसते, हे त्यांना मान्यच नव्हते. ज्याच्याकडून आपण काही घेत नाही, त्याला आपण बरोबरीचा समजत नाही, असा त्यामागचा विचार दिसतो. ख्रिस्ती दानावर त्यांनी पुढे एक पुस्तकही लिहिले आणि ते अनेक भाषांत गेले. आपल्याकडे दुसऱ्या वर्गणीच्या वेळी खिशातली सुटी नाणी चाचपणाऱ्यांनी ते वाचायला हरकत नाही. (आम्ही स्वतःलाही त्यात धरतो.)

1912 मध्ये या धर्मप्रांतात सुमारे आठ हजार श्रद्धावंत होते. 1935 च्या सुमारास ती संख्या सव्वादोन लाखांच्या घरात गेली. 1924 मध्येच तिथे इंग्रज याजक आठ होते, तर भारतीय याजक त्रेपन्न. पुढे गावशिक्षकांची संख्या दोन हजारांवर गेली. हे आकडे सांगताना एक गोष्ट लपवता कामा नये. मध्यंतरी धर्मप्रांताच्या सीमा वाढवून कृष्णा आणि गोदावरीच्या मुखाकडचा मोठा भाग जोडला गेला, आणि तिथे आधीपासून ख्रिस्ती लोक होते. तेव्हा सगळीच वाढ नव्याने झालेली नाही. तरीही जी झाली ती मोठी होती. तिच्यातला एक भाग विशेष आहे. मेलेले मांस आणि दारू सोडलेली, मुलांना शाळेत घालणारी, रविवारी स्वच्छ कपडे घालून प्रार्थनेला जाणारी ही वस्ती पाहून वरच्या मानलेल्या शेतकरी जातींतली माणसेही चौकशी करू लागली. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानत, त्यांच्याकडून ती शुभवर्तमान ऐकू लागली.

सगळे सुरळीत होते असे नाही. माला आणि मादिगा यांच्यातील दुरावा चर्चच्या दारात गळून पडला नाही. एका प्रभूचे जेवण घेणारेही एकमेकांपासून अंतर ठेवत. अझराया यांनी याबाबत नमते घेतले नाही. वेगळ्या जातीचे वेगळे चर्च त्यांना नको होते. पुढे दमोह येथे 1897 मध्ये जन्मलेले अमेरिकन मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी 'मंडळीची वाढ' या विषयाचे शास्त्रच मांडले. माणसांना आपल्याच जातबिरादरीत राहून ख्रिस्ती होणे सोपे जाते, असे त्यांचे निरीक्षण होते. निरीक्षण खरे असेल. परंतु ते धोरण झाले तर वाढलेल्या मंडळीत काय वाढले, हा प्रश्न उरतो. आमचा कल या बाबतीत अझराया यांच्याकडे आहे.

बाहेरूनही टीका झाली. महात्मा गांधींनी 'हरिजन' पत्रातून सामूहिक धर्मांतरावर कठोर लिहिले. या अडाणी, गरीब माणसांना धर्माची निवड कशी करता येणार, असा त्यांचा आक्षेप होता. अझराया राष्ट्रप्रेमी होते. ख्रिस्ती लोकांसाठी वेगळे मतदारसंघ नकोत, असे ते उघड सांगत. पण गरिबाला आत्मा आणि बुद्धी असते आणि तो स्वतः निर्णय घेऊ शकतो, यावर ते ठाम राहिले.

त्यांना अधिक बोचला तो वेगळाच प्रश्न. 13 ऑक्टोबर 1935 रोजी आपल्या नाशिक जिल्ह्यातील येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतरची एक हकीकत सांगितली जाते. आज आमचा समाज देशभर एक आहे. आम्ही ख्रिस्ती झालो तर सगळीकडे एकाच मंडळीत राहू का, असे बाबासाहेबांनी अझरायांना विचारले, आणि बिशपांकडे उत्तर नव्हते. मंडळ्यांची एकी व्हावी म्हणून ते 1919 च्या त्रांकेबारच्या सभेपासून झटत होते. ते 1 जानेवारी 1945 रोजी दोर्नाकललाच वारले. दक्षिण भारतातील मंडळी एक झाली ती त्यानंतर, 27 सप्टेंबर 1947 रोजी. अझरायांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, अँग्लिकन धर्मप्रांताचे प्रमुख असलेले भारतीय बिशप एकटे अझराया राहिले. पहिल्याने करून दाखवल्यावरही दुसऱ्याला संधी मिळायला इतकी वर्षे जावी लागली.

आपल्या घरातही पाहू. अझरायांच्या जन्मभूमीजवळच्या तुतिकोरिनला 1923 मध्ये फादर तिबुर्शियस रोश, येशूसंघीय, हे बिशप झाले. आधुनिक काळातील लॅटिन विधीचे ते पहिले भारतीय बिशप. मुंबईच्या आर्चबिशपपदी पहिले भारतीय, व्हॅलेरियन ग्रेशस, आले ते 1950 मध्ये. त्यांच्यासाठी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स आधीपासूनच बाजूला झाले होते. प्रेषितांनी जे पहिल्याच पिढीत केले, ते करायला आपल्याला वेळ लागला.

दोर्नाकलचे कॅथीड्रल उभे राहायला पुष्कळ वर्षे लागली. 6 जानेवारी 1939 रोजी, प्रकटीकरणाच्या सणाला, त्याचे अभिषेक-अर्पण झाले. खांब देवळासारखे, घुमट आणि मिनार मशिदीसारखे, आणि आत तेलुगू भजने देशी चालींवर.

या आठवड्यात लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत प्रेषितांची कृत्ये 6:1-7 पुन्हा वाचावे. आपल्या धर्मग्रामात ज्यांना आपण फक्त मदत देतो, अशांची आठवण करावी. भाड्याने राहायला आलेली कुटुंबे, वीटभट्टीवरचे आदिवासी श्रद्धावंत, मिस्सेला मागच्या बाकावर बसणारे. त्यांच्यापैकी कोणाला आपण आजवर वाचन करायला, शिकवायला किंवा पॅरिश कौन्सिलवर बोलावले आहे, याची नावे घेऊन चर्चा करावी. नावे निघाली नाहीत तर तेही टिपून फादरांकडे द्यावे.