आयआयएमच्या मुलाखतीचा दिवस

आयआयएमच्या प्रवेशाच्या मुलाखती कॅटचा निकाल लागल्यावर, साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होतात. अहमदाबाद, बंगळूर, कोलकाता या जुन्या संस्था आपापल्या मुलाखती घेतात. नव्या संस्थांपैकी बऱ्याच मिळून एकच सामायिक मुलाखत घेतात. महाराष्ट्रातले पुष्कळ उमेदवार मुंबईचे केंद्र निवडतात. रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून सकाळी थेट केंद्रावर पोहोचायचे, असा बेत विदर्भ-मराठवाड्यातले अनेकजण करतात. तो टाळलेला बरा. आदल्या दिवशी येऊन कुठेतरी मुक्काम करावा.

पोशाखाची चिंता उमेदवार गरजेपेक्षा जास्त करतात. फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, काळे किंवा तपकिरी बूट आणि त्याच रंगाचा पट्टा एवढे पुरते. कोट चालतो, पण मार्चमधल्या मुंबईत तो अंगात घालून लोकलमध्ये चढू नये. केंद्रावर पोहोचून घालावा. मुलींनी साडी, सलवार-कुर्ता किंवा शर्ट-पँट यांपैकी सवयीचे असेल ते घालावे. एरवी साडी न नेसणाऱ्या मुलीचे निम्मे लक्ष त्या दिवशी निऱ्यांकडेच राहते. नवे बूट आठवडाभर आधी घरात वापरून घ्यावेत.

खरी अडचण होते ती कागदपत्रांत. दहावी, बारावी आणि पदवीच्या मूळ गुणपत्रिका, ओळखपत्र, नोकरी केली असल्यास अनुभवाचा दाखला आणि या सर्वांच्या प्रती लागतात. राखीव प्रवर्गातल्या उमेदवाराने त्याहून सावध राहावे. आयआयएम केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्था आहेत. तिथे इतर मागासवर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यातल्या प्रवेशासाठी काढलेला दाखला तिथे चालेलच असे नाही. विमुक्त जाती-भटक्या जमाती हा प्रवर्ग महाराष्ट्राचा. वंजारी, बंजारा, धनगर या जाती केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतात. राज्याने 2024 मध्ये कायदा करून दिलेले मराठा आरक्षणही केंद्रीय संस्थांना लागू नाही. प्रस्तुत लेखकाच्या गटातल्या एका उमेदवाराजवळ राज्याच्या नमुन्यातला दाखला होता. पडताळणीच्या टेबलावर त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेतले गेले, आणि मुलाखतीच्या खोलीत तो तीच धास्ती घेऊन शिरला. सेतू केंद्रात अर्ज करतानाच केंद्राचा नमुना मागावा, आणि दाखल्याच्या तारखेची अट संस्थेच्या पत्रात वाचून घ्यावी.

पडताळणीनंतर बहुतेक ठिकाणी लेखी परीक्षा असते: दिलेल्या विषयावर अर्ध्या तासाच्या आत एक छोटा निबंध. त्यानंतर वाट पाहणे. नाव शेवटी असले तर दोन-तीन तास सहज जातात. पोटात काही असावे. केंद्रावर खायला मिळेलच असे गृहीत धरू नये. बाहेर आलेल्याला ‘काय विचारलं?’ म्हणून घेरायची पद्धत आहे, पण त्या उत्तरांचा पुढच्याला फारसा उपयोग नसतो.

खोलीत बहुधा दोन किंवा तीन जण असतात, मुख्यतः प्राध्यापक. मुलाखत पंधरा ते पंचवीस मिनिटे चालते. सुरुवात स्वतःविषयी सांगण्याने होते आणि पुढचे प्रश्न त्याच उत्तरातून निघतात. म्हणून जे नीट माहीत नाही ते त्या उत्तरात आणूच नये. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिणाऱ्याला शेवटचे पुस्तक विचारले जाते. सोलापूरच्या मुलाला चादर, जळगावच्या मुलीला केळी. पदवीचा विषय तर हमखास निघतो. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला ऊष्मागतिकीचा दुसरा नियम आठवेना, किंवा बीकॉम झालेल्याला घसारा समजावता येईना, तर पॅनेल ते सहजी सोडत नाही. चालू घडामोडींतले अज्ञान मात्र बरेचदा खपून जाते. उत्तर येत नसेल तर तसे सरळ सांगावे; अंदाजाने बोलणाऱ्याला पुढचे चार प्रश्न त्याच अंदाजावर येतात. मध्येच तोडणे, मुद्दाम विरुद्ध बोलणे हाही परीक्षेचा भाग असू शकतो. मुलाखत इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून आलेल्याने उच्चारांची काळजी करू नये, वाक्ये छोटी ठेवावीत.

अंतिम यादी लावताना कॅटचे गुण, आधीचे शिक्षण, लेखी परीक्षा आणि मुलाखत यांचे भारांक प्रत्येक संस्था वेगळे ठरवते. त्यामुळे एका ठिकाणी नाव न लागलेल्याला दुसरीकडून बोलावणे येऊ शकते. निवड झाल्यावर ठरलेल्या मुदतीत शुल्काचा पहिला हप्ता भरावा लागतो, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्याचा प्रवेश निकाल हाती येईपर्यंत तात्पुरता राहतो.